डिकीचा दिवा

१

तुम्हाला या बाकापाशी बसवण्याआधी एक विचारतो. विश्वास कुणावर ठेवावा? वाईट बातमी तोंडावर सांगणाऱ्यावर, की आपल्याला झोप लागावी म्हणून ती पोटात ठेवणाऱ्यावर? उत्तराची घाई नाही. चहा घ्या, निवतोय.

माझा धंदा तुम्हाला दिसतोच आहे. जुन्या आलिशान गाड्यांच्या स्टिअरिंगमागे काटे, आकडे आणि दिवे असलेली जी पेटी असते, तिला आम्ही सरसकट मीटर म्हणतो. ती मी विकत घेतो, दुरुस्त करतो, विकतो. कुठल्या शाळेत शिकलो नाही. भंगारवाल्याकडून पोतं भरून माल आणायचा, नऊ मीटर बिघडवायची आणि दहावं चालू झालं की विद्या आली म्हणायचं, एवढीच माझी पदवी. या गाड्या बनवणाऱ्यांनी चामडं, लाकूड, चकचकीत पट्ट्या यांत हात सैल सोडला. मीटरच्या पाठीला मात्र कागदासारखी प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तांब्याच्या रेघा ओढल्या. ऊन खाऊन पट्टी कडक होते, रेघ तडकते, कपॅसिटर पाझरतो, सोल्डरचा टाका सुकतो. वरून राजेशाही, आतून उसनवारी. त्या उसनवारीवर माझं घर चालतं, म्हणून मी तक्रार करत नाही.

आमच्यात एक जुना विनोद आहे: दिवा काढला की दुखणं गेलं. एका कंत्राटदाराच्या गाडीत ऑइलचा दिवा सारखा लागायचा. त्यानं तीन मेकॅनिक पालथे घातले. चौथ्यानं मीटरमधला बल्बच काढून घेतला. कंत्राटदार इतका खूश झाला की गावभर त्याची तारीफ करत फिरला. पुढे चढावर इंजिन जाम झालं. गाडी ओढून आणली तेव्हा तो माझ्यासमोर कपाळाला हात लावून बसला होता आणि एकच वाक्य म्हणत होता, दिवा तर लागला नव्हता हो.

ही गोष्ट मी माझ्या मेहुण्याला कितीदा तरी सांगितली असेल. दर वेळी तो पोट धरून हसायचा.

२

हे समोरचं मीटर एका दलालानं आणून दिलं. गाडी तोडायला निघाली होती, मालक हयात नव्हता. मीटर जुनं, पण जातिवंत. काट्यांच्या मधोमध हे बघा, वरून पाहिल्यासारखं गाडीचं चित्र आहे. चार दारं आणि मागे डिकी. ज्या दाराची फट राहील तिथं लाल दिवा लागतो. त्या काळात एवढं सुख फारच थोड्या गाड्यांत होतं.

बाकावर बारा व्होल्ट दिले. काटे उठले, आकडे उजळले आणि मागच्या डाव्या दाराचा दिवा लागला.

तुम्हाला यात काही वावगं वाटणार नाही. मला वाटलं. दाराचा दिवा नुसत्या करंटवर लागत नाही. दाराच्या खांबात एक बटण असतं, दार उघडलं की ते सुटतं आणि त्या वाटेनं दिव्याला अर्थ, म्हणजे करंटला परतीची वाट, मिळतो, तेव्हा तो पेटतो. इथं बाकावर ना दार, ना खांब, ना बटण. त्या बटणाकडं जायची तार मीटरच्या पाठीमागे मोकळी लोंबत होती. मी तिच्या टोकाला टेप गुंडाळली. दिवा तसाच. पट्टी उघडून रेघन् रेघ मल्टिमीटरनं तपासली. कुठं चिकटलेली नाही, कुठं पाझर नाही. माझा हात पट्टीवर असतानाच दिवा आपोआप विझला.

तेवढ्यात बायको आतून आली आणि म्हणाली की बोळातलं दार वाऱ्यानं उघडं राहिलं होतं, आताच लावून आले.

तेव्हा ते वाक्य या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

३

घरात तेव्हा आम्ही चौघं. मी, बायको, तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, जो दुकानाची गिऱ्हाइकी सांभाळायचा, आणि त्या दोघांचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत.

आबा जन्मभर ड्रायव्हर. एकाच साहेबांची गाडी त्यांनी केस पिकेपर्यंत चालवली. उतारवयात डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. नातलगांची नावं गेली, जेवलो की नाही ते गेलं, पण हातांना लागलेली सवय गेली नाही. बसल्या जागी त्यांना हॉर्न ऐकू यायचा. मग ते शर्टाचं वरचं बटण लावायचे, "आलो साहेब" म्हणायचे आणि जे पहिलं दार दिसेल ते अदबीनं उघडून बाजूला उभे राहायचे. मांजराला दार उघडून दिलंय त्यांनी, वीजबिलवाल्याला दिलंय. वीजबिलवाल्याला त्यांनी कमरेत वाकून विचारलं होतं, क्लबवर घेऊ का? तो बिचारा पुढच्या महिन्यापासून केस विंचरून यायला लागला.

आम्ही हसायचो. पण एकदा ते दार उघडून बाजूला उभे राहिले नाहीत, बाहेर पडले. चौकात मिळाले, ट्रकच्या चाकापासून वीतभर अंतरावर, भर रहदारीत कुणासाठी तरी हवेतच दार धरून उभे. त्या दिवसापासून बायकोची झोप उडाली. चार दारांचं घर, दिवसभर माणसांची ये-जा, कडी कुणीतरी विसरणारच. ती जेवताना उठायची, अंघोळीतून हाक मारायची, आबा कुठायत. तोंडावरची कळा गेली होती तिच्या.

आणि एक दिवस मला दिसलं ते सांगतो. मी मीटर चालू ठेवून काट्याची सुई बसवत होतो. दुकानाचं दार उघडलं आणि चित्रातलं पुढचं डावं दार लाल झालं. गिऱ्हाईक आत आलं, दार लागलं, दिवा विझला. मी उठून या खोलीचं रस्त्याकडचं दार उघडलं: पुढचं उजवं. मेहुण्याला जिन्याकडं पिटाळलं: मागचं उजवं. स्वयंपाकघरातून बोळात उघडणारं: मागचं डावं. गाडीचं नाक रस्त्याकडं धरलं तर घर आणि चित्र एकावर एक बसत होतं.

मी माझ्या परीनं डोकं चालवलं. जुनं वायरिंग आहे, भिंतीत ओल आहे, दार आपटलं की फरशी हलते, कुठूनतरी अर्थ मिळत असेल. पटलं असं नाही. पण व्यापारी माणूस मी. पदरात पडलेला पहारेकरी फुकट आहे म्हणून हाकलून देत नाही. मीटर बाकावर पक्कं केलं, बायकोला बोलावून दाखवलं. चारही दिवे विझलेले असले की समजायचं, आबा घरात आहेत.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, ताईला आता नुसतं किल्ली फिरवून घर स्टार्ट करायचं राहिलं.

ती हसली. कित्येक महिन्यांनी. त्या दुपारी ती गाढ झोपली.

आबांनाही आणून मीटर दाखवलं. त्यांनी बाहीनं काच पुसली, चित्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ही आपली. आता ते भिंतीवरच्या घड्याळालाही आपली म्हणायचे, त्यामुळं मी ते मनावर घेतलं नाही. पण मग त्यांनी मला समजावलं, नवीन ड्रायव्हरला समजवावं तसं. एकेका दारावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब आधी, सामान नंतर, आपण शेवटी."

साहेबांचं म्हणून त्यांनी मागचं डावं दार दाखवलं. आणि सामानाचं म्हणून डिकी.

४

डिकीचा दिवा लागला तेव्हा दुपार होती. दुकान सुस्त, रस्ता सुस्त, पंख्याचा तेवढा आवाज. मी मान वर केली तर चित्राच्या शेपटाशी लाल ठिपका.

चारही दारं बंद होती. आणि घराला पाचवं दार नाही. चित्रात जिथं डिकी आहे, तिथं घरात आबांची खोली येते, अगदी शेवटची. तिच्या मागच्या भिंतीला खिडकीसुद्धा नाही. पलीकडं दुसऱ्याचं गोदाम.

मी आत जाऊन पाहिलं. आबा पलंगावर बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खोलीत एक वास होता. धंद्यामुळं माझं नाक तयार आहे, मी तो लगेच ओळखला: बंद डिकीचा. रबर, गालिचा, सांडून वाळलेलं पेट्रोल. पलंग भिंतीपासून थोडा पुढं आला होता. मी तो मागं ढकलला. परत आलो तर दिवा विझलेला.

त्यानंतर तो अधूनमधून लागायला लागला. नेहमी दुपारी, घर जेवून शांत झालं की. दर वेळी पलंग पुढं आलेला असे. बायको म्हणायची, केर काढताना मीच सरकवला असेन. पण केर ती सकाळी काढते, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

आबांनी आपली जुनी कातडी बॅग काढली होती. रोज भरायचे, रोज उपसायचे. दोन सदरे, दाढीचं सामान, गाडी पुसायचं पिवळं फडकं. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाले, मी कुठला निघतोय, साहेबांचं सामान ठेवायचं राहिलंय. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, या वेळी सामान काय आहे ते साहेब सांगत नाहीत.

बायकोची झोप पुन्हा गेली. ती मीटरसमोर स्टूल टाकून बसायला लागली. मला विचारायची, डिकी म्हणजे कुठलं दार? मी म्हणायचो, कुठलंही नाही, बिघाड आहे. ती म्हणायची, चार दिवे खरे आणि पाचवा तेवढा खोटा, असं कसं?

मी मीटर बंद करून टाकायचं म्हणालो, तर ती रडायला लागली. चार दारांचं काय मग?

५

म्हणून मी बिघाड शोधायला बसलो, हट्टानं. डिकीच्या रेघेवर, पट्टीच्या कोपऱ्यात, एक टाका मला करडा दिसला. चांगला टाका आरशासारखा चमकतो. हा सुकलेला होता. असा टाका उन्हानं, थंडीनं, कशानंही जोडतो आणि सुटतो. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. जुना टाका ओढून काढला, नवा घातला, पट्टी जागेवर बसवली. सुकलेल्या टाक्यानं तार मोकळी होऊ शकते, पण तिला अर्थ कुठून मिळेल, हा प्रश्न माझ्याच मनाच्या दारात उभा होता. मी त्याला आत घेतलं नाही. सुटे भाग आणायला बाजारात निघून गेलो.

संध्याकाळी परत आलो तर बायकोच्या चेहऱ्यावर उजेड. दिवसभर लागला नाही, म्हणाली. मेहुणाही म्हणाला, भाऊजींचा टाका म्हणजे टाका. मी मिशीत हसलो. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. घर पुन्हा जेवायला एकत्र बसायला लागलं. बायको दुपारची झोपायला लागली. मीही बाकावर डोकं टेकून डुलकी काढायचो. कारण दिवा लागत नव्हता.

वास मात्र येत होता. मी मनाला सांगितलं, माझ्याच कपड्यांना येत असेल. जन्म गेला त्या वासात.

६

त्या दुपारी ऊन रस्त्यावर मावत नव्हतं. मेहुणा दुकानात, बायको झोपलेली, मी इथं बाकावर. आतून आबांचा आवाज आला, आलो साहेब. मी सवयीनं मीटरकडं पाहिलं. मागच्या डाव्या दाराचा दिवा क्षणभर लागून विझला. पाहा, बोळातलं दार उघडलं आणि लावलं, इतका वेळ. मग काहीच नाही. सगळे दिवे बंद. मी पुन्हा कामाला लागलो. सुई बसवत होतो, हात हलला तर काटा खोटं दाखवतो.

थोड्या वेळानं बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आबा कुठायत?

खोलीत नव्हते. स्वयंपाकघरात नव्हते. आम्ही पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, जिन्याच्या पोटात पाहिलं. बोळातल्या दाराची कडी आतून लावलेली होती. जिन्याचीही आतून. दुकानातून कुणी गेलं नव्हतं, मेहुणा समोर बसून होता. या खोलीतून जायचं तर माझ्या अंगावरून. बायको धापा टाकत मीटरपाशी आली. विझलेल्या चित्रावर तिनं तळहात ठेवला, देवाच्या पायावर ठेवावा तसा, आणि आम्हा दोघांना समजावल्यासारखं म्हणाली, "एकही दिवा नाही. म्हणजे आबा घरातच आहेत."

मी म्हणालो, हो, घरातच आहेत.

मेहुण्याच्या चेहऱ्याला रंगच राहिला नव्हता. त्यानं शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि काहीतरी बाकावर ठेवलं. ते घरंगळत माझ्या हातापाशी आलं. गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा बल्ब.

"कसला हा?"

"डिकीचा," तो म्हणाला. "तुम्ही बाजारात गेलात त्या दिवशी, ताई आत असताना, पुन्हा लागला होता. ताई झोपत नव्हती, भाऊजी. म्हटलं, निदान तिला झोप लागेल."

मी मीटर पालथं केलं. डिकीचं होल्डर रिकामं होतं. बल्ब बसवायला पाव वळसा लागतो. माझा वळसा पुरा व्हायच्या आतच बोटांच्या फटीतून लाल उजेड आला.

बायको आत धावली. मी तिच्या मागं.

पलंग भिंतीपासून हातभर पुढं आलेला होता. त्यावर बॅग, नीट भरलेली, पट्टे आवळलेले. आणि पलंगामागं, गुडघाभर उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी काळी फट. ती वरून खाली मिटत चालली होती, अजिबात घाई न करता. आत मंद पिवळा उजेड होता. तांबड्या गालिच्याचा कोपरा होता. आणि एक गुडघा, आबांच्या पांढऱ्या पायजम्यातला, पोटाशी दुमडून नीट बसवलेला, जागा पुरावी म्हणून.

मग आवाज झाला. स्वस्त गाडीची डिकी आपटते. भारी गाडीची नुसती ढप् म्हणते, उशीवर हात ठेवल्यासारखी. तसा.

भिंत कोरी. चुन्याचा पापुद्रासुद्धा सुटलेला नव्हता.

माझ्या डोळ्यांवर विसंबू नका. मी माणूस काय दिसतं आणि काय दिसावंसं वाटतं यांवरच पोट भरतो. बायको माझ्या पुढं होती, पण तिला गुडघा दिसला नाही. तिनं फक्त आवाज ऐकला. मेहुणा खोलीत आलाच नव्हता. तो बाकापाशी होता. त्यानं दिवा विझताना पाहिला.

७

पुढचं थोडक्यात. पोलीस आले, चौकशी झाली, म्हातारा माणूस, निघून गेला असेल, म्हणाले. गवंडी बोलावून ती भिंत फोडली. पलीकडं गोदामातली पोती आणि आमच्याकडं बघणारा त्यांचा हमाल. भिंत पुन्हा बांधून घेतली.

बायको मीटरसमोर बसून राहायची. तिचं म्हणणं सरळ होतं: डिकी एकदा मिटली तर एकदा उघडेलही. दिवा लागेल तेव्हा आपण भिंतीपाशी हवं. तिनं जेवण टाकलं. मेहुण्याला ते बघवेना. एके दिवशी तो म्हणाला, ताई, तू आत होतीस तेव्हा लागला होता गं, क्षणभर, मी पाहिला. ती त्या दिवशी पोटभर जेवली. मग संध्याकाळपर्यंत भिंतीला नखं लावून हाका मारत बसली, की मी उशिरा आले, आबा, पुन्हा एकदा उघडायला सांगा. बोटांतून रक्त आलं तेव्हा मेहुण्यानं कबूल केलं की दिवा लागलाच नव्हता. त्यानंतर तो या घरात राहिला नाही. मी जा म्हणालो नाही आणि राहाही म्हणालो नाही. वाईट माणूस नव्हता हो तो. त्याच्याइतकी माया मलाही जमली नसती.

आता तुम्हाला का बोलावलं ते सांगतो. काल सकाळपासून मागच्या डाव्या दाराचा दिवा लागलाय. हा बघा. बोळातलं दार बंद आहे, कडी मी स्वतः पाहिली आणि आता तुम्हीही पाहून आलात. मी पट्टी उघडली नाही, टाका शोधला नाही. आबांचा क्रम मला पाठ आहे. साहेब आधी.

आणि काल रात्रीपासून बायको बॅग भरते आहे. आबांचीच बॅग. मी विचारलं तर म्हणाली, एवढ्या लांबच्या प्रवासाला आबा एकटे, त्यांचं कोण करणार? बोलताना तिनं पोलक्याचा वरचा हूक लावला.

मी तिला आत एकटी सोडणार नाही. तिचा हात धरून भिंतीपाशी बसणार आहे. पण तिथून मीटर दिसत नाही, आणि दोन ठिकाणी मी बसू शकत नाही. म्हणून तुम्ही. गिऱ्हाईक आलं तर परत पाठवा, फोन वाजला तर वाजू द्या. नजर फक्त इथं, चित्राच्या शेपटाशी. बल्ब नवा आहे, होल्डर घट्ट आहे, मी हलवून पाहिलंय.

लागला तर लागला म्हणून हाक मारा. नाही लागला तर नाही म्हणा, मी कितीही विचारलं तरी. माझा आवाज ऐकून दया आली तरी. आम्हाला बरं वाटावं म्हणून एक शब्दही पदरचा घालू नका आणि झाकू नका. या घरात उघडलं काय आणि मिटलं काय, तेवढा हिशेब मात्र खरा ठेवा.